बिनखोट खोली

१

मावशींचं नेमकं काम काय, हे पाहुण्यांना समजावून सांगताना व्यवस्थापकांची दर वेळी पंचाईत व्हायची. मावशी झाडलोट करत नसत, स्वयंपाकात लुडबुड करत नसत, कुणाचं औषधपाणी बघत नसत. त्या खोल्या लावत. लावतात म्हणजे काय, असा पुढचा प्रश्न हमखास यायचा आणि मग व्यवस्थापक हात उडवून म्हणायचे, की ते तुम्हाला इथे राहायला आल्यावरच कळेल. पाहुणा कसनुसा हसायचा. वृद्धनिवासात राहायला येण्याची कल्पना कुणालाच फारशी मानवत नाही.

खरं तर काम सोपं होतं, फक्त त्याला वेळ लागायचा. निवासात नवं माणूस येणार असं ठरलं, की मावशी आधी त्याच्या राहत्या घरी जाऊन येत. तिथे त्या फार विचारत नसत. माणसाला त्याच्या सवयी विचारल्या की ते भलतंच काहीतरी सांगतं, हा त्यांचा अनुभव. एक निवृत्त शिक्षक छातीठोकपणे म्हणाले होते, की मी वाचतो ते टेबलाशी बसूनच. मावशींनी बघितलं तर टेबलावर धूळ होती आणि खिडकीच्या कठड्याचा रंग बरोबर एका कोपराएवढा उडाला होता. मास्तर आयुष्यभर खिडकीशी उभं राहून वाचत आले होते आणि त्यांचा त्यांनाच पत्ता नव्हता.

म्हणून मावशी न विचारता बघत. घरातली मंडळी चहाच्या गडबडीत असली, की त्या त्या माणसाच्या खुर्चीत बसत, त्याच्या पलंगावर आडव्या होत, डोळे मिटत आणि हात लांबवत. हात जिथे जाऊन थांबेल तिथे भिंतीवर खडूचा बारीक ठिपका. मग तो ठिपका जमिनीपासून किती वर आणि उशीपासून किती लांब, ते गाठी मारलेल्या दोरीवर उचलायचं. निवासातल्या खोलीत चष्म्याची फळी बरोबर त्या गाठीवर बसायची. आलेलं माणूस दिवसभर तोंड पाडून बसे आणि संध्याकाळी कधीतरी न बघताच हात लांबवी. हाताला चष्मा लागे. तिथून पुढे ते रुळायला लागे.

आणि सगळं बरोबर लावून झालं, की मावशी एक गोष्ट मुद्दाम बिघडवत.

ही शिकवण मोठ्या बाईंची. मोठ्या बाई म्हणजे मावशींच्या आधी हे काम करणाऱ्या. त्यांना जाऊन आता बराच काळ लोटला होता. पडद्याची एक कडी अडकेल अशी ठेवायची, खुर्चीचा एक पाय किंचित आखूड करायचा, नाहीतर कपाटाचं दार आपसूक उघडेल असं बसवायचं. फार नाही, वैतागण्यापुरतं. मग माणूस हाताशी असलेली दोरी ओढतं, बाहेर बेल वाजते, कुणीतरी येतं, दोन शब्द होतात. शेजारच्या खोलीतही असलंच काहीतरी रडगाणं आहे हे कळतं आणि दोघं मिळून व्यवस्थापकांच्या नावाने बोटं मोडायला व्हरांड्यात येऊन बसतात. निवासातल्या ओळखी अशाच व्हायच्या. मावशी नव्या होत्या तेव्हा त्यांना हे सगळं हास्यास्पद वाटलं होतं. मग ती खोट दुरुस्त करून द्यायचीच नाही का, असं त्यांनी विचारलं होतं.

“द्यायची. पण आधी दुसरी करून ठेवायची,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. “एकदा एका खोलीत ठेवायची राहून गेली. त्या बाईंनी परत कधी बेल वाजवली नाही.”

“का? काय झालं त्यांना?”

“काही नाही झालं. छान होत्या.” आणि मोठ्या बाईंनी तोंड फिरवलं होतं.

२

मावशींची स्वतःची खोली निवासापासून दोन गल्ल्या पलीकडे होती. एक पलंग, एक खुर्ची, एक शेगडी आणि रस्त्याकडे उघडणारी खिडकी. दुसऱ्यांच्या खोलीत वस्तू नखभरसुद्धा हलू न देणाऱ्या मावशींच्या घरी मात्र जे जिथे पडलं ते तिथे होतं. खिळा फार उंच ठोकलेला होता आणि रोज टाचा उंचावून पिशवी अडकवताना त्या स्वतःलाच शिव्या घालत. पण खाली घेणार कोण? आपल्यासाठी आपणच खुर्चीत बसायचं, आपणच हात लांबवायचा आणि आपणच ठिपका काढायचा, हे त्यांच्याने एकटीने होत नव्हतं. त्यात काहीतरी केविलवाणं होतं.

महिनाअखेरीला त्या कामावरून मोकळ्या होणार होत्या. पुढे काय, हा प्रश्न त्यांनी बाजूला सारून ठेवला होता. ताईने तो पुढ्यात आणून ठेवला. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर एकटी राहणारी. दोघी पूर्वी एकत्र राहत होत्या आणि एकमेकींचा वीट येईपर्यंत राहिल्या. ताई वस्तू हलवायची. चष्मा, कात्री, पुस्तकातली खूण, काही म्हणून जागेवर राहू द्यायची नाही. तिचा नळ गळायचा, तिचा रेडिओ खरखरायचा, आणि बोलायला तोंड उघडण्याआधी ती खोकायची: आधी एक छोटा, मग एक मोठा, आणि शेवटी घशातल्या घशात ‘हं’. अखेर एक दिवस मावशी पिशवी भरून निघून आल्या. जगाच्या खोल्या लावणाऱ्या बाईला स्वतःची बहीण काही जागेवर लावता आली नाही, असं त्या हसून सांगत. 

आता ताईचे फोन वाढले होते. मावशी फोन स्पीकरवर टाकून हातातलं काम करत बसत आणि ताईचा खोकला खोलीभर घुमे. ये म्हणायची, खिडकीजवळचा पलंग तुझा म्हणायची. मावशी बघू म्हणत. या वेळी मात्र ती खोकली, ‘हं’ केलं आणि म्हणाली, “बारके, हे मी शेवटचं विचारतेय. माझ्याच्याने आता एकटीला राहवत नाही. तुझ्याच्यानेही राहवत नाही, फक्त तू ते कबूल करायची नाहीस.”

मावशींना ‘बारके’ म्हणणारं आता जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं. त्यांनी हो म्हटलं. शनिवारी मीच न्यायला येते, तुझा काही भरवसा नाही, असं म्हणून ताईने फोन ठेवला. मावशी कितीतरी वेळ फोन हातात धरून बसल्या. त्यांना आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचत नव्हतं.

३

व्हरांड्याच्या अगदी टोकाला एक खोली होती, ती कुणालाच दिलेली नसायची. तिथे जुन्या गाद्या, मोडक्या खुर्च्या आणि जास्तीचे दिवे ठेवत. किल्ली मावशींच्या जुडग्यात असे. त्या आठवड्यात एका आजोबांचा टेबलावरचा दिवा गेला म्हणून दुसरा काढायला मावशी दुपारच्या तिथे गेल्या आणि दार उघडून उंबऱ्यातच थबकल्या.

गाद्या नव्हत्या. मोडक्या खुर्च्याही नव्हत्या. फरशी पुसलेली होती. एक पलंग, खिडकीकडे थोडी तिरकी वळवलेली एक खुर्ची, तिच्या समोर खिडकीला पाठ करून दुसरी. पडदा असा अर्धवट ओढलेला, की ऊन पलंगापर्यंत येऊन उशीच्या अलीकडे थांबलं होतं. मावशी आत गेल्या आणि त्यांच्यामागे दार लागलं. लागलं ते त्यांना नंतर कळलं, कारण आवाज झालाच नाही. दाराच्या कडेला जाड लोकरी पट्टी लावलेली होती. बाहेर ढकलगाड्यांचा खडखडाट चालला होता, तो पाण्याखाली गेल्यासारखा लांब गेला.

मावशींना आधी राग आला. आपण अजून कामावर आहोत, आणि आपल्याला न विचारता कुणीतरी खोली लावली. त्यातून काम चांगलं होतं, हे जास्त झोंबलं. खिडकीकडच्या खुर्चीत बसून बघितलं, चांगली होती. मग सवयीप्रमाणे त्या खोट शोधायला लागल्या. पडदा ओढला, कड्या लोण्यातून सरकल्यासारख्या सरकल्या. कपाट उघडलं, मिटलं. टेबल हलवून बघितलं. पलंग कुरकुरला नाही. कुठे काही अडकत नव्हतं, डुगडुगत नव्हतं, वाजत नव्हतं. ज्याने कुणी लावली त्याला कामाची अर्धीच अक्कल आहे, असं मनाशी म्हणत त्या बाहेर पडल्या. 

व्यवस्थापकांना विचारलं तर ते म्हणाले, ती खोली गाद्यांनी गच्च भरलेली आहे. सुतारकाकांना विचारलं तर त्यांनी कानांवर हात ठेवले आणि बघायला सोबत आले. खोली बघून त्यांनी मान डोलावली, खिडकीकडच्या खुर्चीत टेकले आणि लगेच उठले.

“कुणाच्या मापाची केलीत ही?” कंबर चोळत त्यांनी विचारलं. “बसवत नाही हो. पाय अधांतरी, पाठीला काहीतरी टोचतंय.”

 मावशींना त्या खुर्चीत काहीही टोचलं नव्हतं. सुतारकाकांकडून ऐकून व्यवस्थापकांनी नंतर सगळ्यांदेखत त्यांचं कौतुक केलं: जाता जाता बाईंनी एक खोली स्वतःहून लावून ठेवली. मी नाही लावली, असं मावशी म्हणाल्या, तर सगळे हसले. विनय समजले.

४

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा गेल्या. नक्की कुणाची खोली आहे ते कळायला हवं, असं कारण त्यांनी स्वतःला दिलं. खुर्चीत बसल्या, डोळे मिटले, हात लांबवला. बोटांना फळी लागली. डावा पाय आपोआप वर गेला आणि खाली काहीतरी मऊ आलं. मावशींनी डोळे उघडून बघितलं. खुर्चीपुढे एक बुटकं स्टूल होतं, त्यावर उशी, आणि ते मधोमध नव्हतं. डाव्या बाजूला होतं.

गेल्या काही महिन्यांपासून त्यांचा डावा घोटा सुजत होता. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. ताईलासुद्धा नाही.

मावशी विचार करणाऱ्या बाई होत्या. निवासात त्यांनी विसरभोळी माणसं पुष्कळ बघितली होती. एक आजी रोज स्वतःच अंथरूण घालून, कुणी घातलं म्हणून कौतुकाने विचारत फिरायच्या. आपलंही तसंच सुरू झालं असेल. गाद्या आपणच हलवल्या असतील, फळी आपणच ठोकली असेल आणि डोक्यातून सगळं पुसून गेलं असेल. हा विचार भयंकर होता, तरी त्यातल्या त्यात बरा होता. त्याची परीक्षा घ्यायची म्हणून त्यांनी पडद्याची एक कडी उपसून खिशात टाकली आणि किल्ली फिरवून निघून आल्या. दुसऱ्या दिवशी पडद्याला सगळ्या कड्या होत्या. खिशातली कडी खिशातच होती.

त्या संध्याकाळी घरी पिशवी अडकवायला टाचा उंचावल्या आणि त्यांना खिळ्याच्या बराच खाली भिंतीवर एक पांढरा ठिपका दिसला. हात सहज गेला असता तर तिथेच थांबला असता. मग त्या खोलीभर शोधत फिरल्या. पलंगाच्या उशाशी एक. खुर्चीच्या उजवीकडे एक. शेगडीजवळ, दाराजवळ, खिडकीच्या चौकटीवर. बारीक, गोल, दाबून काढलेले, जसे त्या स्वतः काढत तसे. त्यांनी आपली बोटं बघितली. बोटांना खडू होता. तो रोजच असायचा. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

त्यांना भीती वाटली. पलंगावर पाय वर घेऊन त्या भिंतीला टेकून बसल्या आणि सगळे दिवे लावून ठेवले. पण भीतीच्या तळाशी आणखी काहीतरी होतं आणि त्याची त्यांना लाज वाटली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्यासाठी ठिपका काढला होता. त्यांचा हात कुठे जातो, हे कुणीतरी बघितलं होतं.

५

शुक्रवारी भर दुपारी मावशी घरी आल्या. ताईला द्यायचं म्हणून घेतलेलं गरम पांघरूण निवासात दाखवायचं राहिलं होतं, एवढंच निमित्त. रस्त्यावर वर्दळ होती. समोरच्या घरमालकीण बाई ओट्यावर बसून शेजारणीशी तावातावाने बोलत होत्या. मावशी दाराशी आल्या आणि किल्ली काढता काढता थांबल्या. दार बोटभर उघडं होतं.

त्या फटीतून आतली खुर्ची पाठमोरी दिसत होती. खुर्चीत कुणीतरी बसलं होतं.

केस मानेवर बांधलेले होते, मावशी बांधत तसे, घाईघाईने आणि थोडे डावीकडे. उजवा खांदा खाली उतरलेला. वर्षानुवर्षं जड पिशवी वाहून मावशींचा उजवा खांदा तसाच उतरला होता. ते जे कुणी होतं त्याने उजवा हात लांबवला, खिडकीच्या कठड्याच्या दिशेने, जिथे मावशी चष्मा ठेवत. हात अलीकडेच थांबला. मागे आला. पुन्हा गेला, या वेळी जरा जास्तच पुढे. मागे आला. पुन्हा गेला. लहान मुलाने पाटीवर अक्षर गिरवावं तसं ते चाललं होतं, न कंटाळता, न चिडता. मग उजवा पाय वर उचलला गेला. तो थोडा वेळ अधांतरी राहिला, खाली आला, आणि त्याच्या जागी डावा वर गेला.

मावशींना ओरडायचं होतं. त्याऐवजी त्यांच्या तोंडून नुसता श्वास बाहेर पडला आणि खुर्चीतली मान वळायला लागली. सावकाश, आधी हनुवटी, मग गाल. दारात कुणी आलं की मावशी अशाच वळत. त्यांनी कडी धरून दार ओढून घेतलं आणि सगळा भार टाकून धरून ठेवलं. आतून कुणी ओढलं नाही. फक्त कुणीतरी खोकल्यासारखा आवाज आला, छोटासा, अर्धवट. मावशींना खोकला नव्हता.

दार ओढून धरलेल्या मावशींना बघून घरमालकीण बाई धावत आल्या. दोघींनी मिळून दार उघडलं. आत कुणी नव्हतं. खिडकीला गज होते, ते जागच्या जागी होते. मावशींनी खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला आणि चटकन काढला.

“गरम आहे,” त्या म्हणाल्या.

“ऊन येत असेल,” घरमालकीण बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. “एकट्या राहता ना. मन खेळ करतं.”

ऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतं. मावशींनी ते दाखवलं नाही. दाखवून काय झालं असतं? त्या रात्री त्या निवासातल्या स्वयंपाकीण बाईंच्या खोलीत जमिनीवर झोपल्या. स्वयंपाकीण बाई घोरत होत्या आणि त्या घोरण्याचा मावशींना फार आधार वाटला.

६

शनिवारी सकाळी सामान बांधून झालं. बांधायला होतंच काय. एक पेटी, एक वळकटी आणि ते पांघरूण. ताईचा फोन आला की बस सुटली आहे आणि शेजारी बसलेली बाई डोकं खातेय. मावशी हसल्या. दुपारपर्यंत ताई येणार, मग आपण दोघी परत त्याच बसने जाणार, संध्याकाळी नळ गळणार, रेडिओ खरखरणार, आपला चष्मा सापडणार नाही आणि आपण भांडणार. त्यांना ते सगळं आजच्या आज हवं होतं.

निवासातली मंडळी निरोप द्यायला व्हरांड्यात जमली. मास्तर म्हणाले, माझी खिडकी अजून अडकतेच, तेवढं बघून जा. एका आजींनी खुर्ची डुगडुगत असल्याची जुनी तक्रार नव्याने केली आणि बोलता बोलता डोळे पुसले. व्यवस्थापकांनी छोटंसं भाषण केलं. मावशींनी किल्ल्यांचा जुडगा काउंटरवरच्या मुलीच्या हवाली केला. एक किल्ली तेवढी त्यांनी आधीच सोडवून घेतली होती.

त्या खोलीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. पण सकाळपासून एक गोष्ट त्यांना छळत होती. आज ना उद्या व्यवस्थापक ती खोली कुणाला तरी देणार. कुणीतरी आजी, कुणीतरी आजोबा, बिचारे आपली पेटी घेऊन येणार आणि त्या खोलीत एकही खोट नसणार. आयुष्यभर जे एक काम आपण चोख केलं, ते शेवटच्या दिवशी टाकून जायचं? हे कारण खरं होतं. दुसरंही एक कारण होतं. कुणीतरी आपल्यासाठी लावलेली खोली पुन्हा आयुष्यात बघायला मिळणार नव्हती. ताईच्या घरी तर नक्कीच नाही.

ताई यायला अजून अवकाश होता. मावशींनी पिशवीतून कानस काढली, पांघरूण काखोटीला मारलं आणि व्हरांड्याच्या टोकाकडे चालू लागल्या.

७

खोली तशीच होती. ऊन उशीच्या अलीकडे थांबलं होतं. मावशींनी इकडेतिकडे न बघता खिडकीकडची खुर्ची आडवी केली आणि एका पायाला कानस लावली. लाकडाचा भुसा पडला. पुरेसं घासून झाल्यावर त्यांनी खुर्ची उभी केली. आता बसून बघायला हवं. बसल्याशिवाय खोट किती लागली ते कळत नाही. त्या बसल्या.

खुर्ची डुगडुगली नाही.

त्यांनी अंग डावीकडे टाकून बघितलं, उजवीकडे टाकून बघितलं. चारही पाय जमिनीला धरून होते. अजून थोडं घासावं लागणार, असं त्यांनी ठरवलं. घासू या, एवढ्यात काय घाई आहे. डावा पाय आपणहून स्टुलावर गेला आणि घोट्यातली ठणक थांबली. ती कधीपासून होती हे थांबल्यावर कळलं. पाठीला, मानेला, उतरलेल्या खांद्याला, प्रत्येकाला आपापला आधार मिळाला होता. पांघरूण केव्हा मांडीवर पसरलं गेलं आणि चष्मा केव्हा फळीवर ठेवला गेला ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

फरशीवर भुसा नव्हता.

हे त्यांनी बघितलं. घाबरायला हवं हेही त्यांना समजलं. पण घाबरायला अंगात कुठेतरी काहीतरी अवघडलेलं लागतं, आणि तसं काही उरलं नव्हतं. आयुष्यभर त्या दुसऱ्यांच्या खुर्च्यांत बसून दुसऱ्यांचे हात लांबवत आल्या होत्या. आता त्यांचा स्वतःचा हात मांडीवर पडला होता आणि त्याला कुठेही जायचं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं बरं त्यांना कधीच वाटलं नव्हतं आणि या बरं वाटण्याने आपण बुडतोय, हेही त्यांना कळत होतं.

मग फार लांबून, लोकरी पट्टीच्या पलीकडून, ताईचा आवाज आला. ती काउंटरवर विचारत होती. माझी बहीण, खोल्या लावते ती. मुलीने काहीतरी उत्तर दिलं. ताईची पावलं व्हरांड्यातून येऊ लागली, एक घासत, एक टेकत. वाटेत कुणाशी तरी बोलली. पुन्हा निघाली.

“बारके? कुठे आहेस गं?”

ऊठ, मावशींनी स्वतःला सांगितलं. हाक मार. पण हाक मारायची तर काय म्हणून? काय हवंय आपल्याला? त्या शोधू लागल्या, मोठ्या बाईंनी शिकवलं होतं तसं, एकेक कोपरा घेत. उजेड बरोबर होता. उशी बरोबर होती. फळी, स्टूल, पडदा. नजर फिरत फिरत समोर आली आणि तिथे थांबली.

समोरची खुर्ची रिकामी होती.

मावशींना हसू फुटलं. इतकी साधी गोष्ट. खोट होती, अख्खी एक खोट होती, आणि ती सुरुवातीपासून डोळ्यांसमोर होती. या खोलीत दुसरं माणूस नव्हतं. त्यांना ताई हवी होती. खोकणारी, वस्तू हलवणारी ताई हवी होती. उजव्या हाताशी बेलची दोरी होती, अगदी जिथे असायला हवी तिथे. मावशींनी ती मुठीत धरली.

समोरच्या खुर्चीचं लाकूड हलकेच कुरकुरलं.

खिडकी त्या खुर्चीच्या मागे होती आणि ऊन मावशींच्या डोळ्यांवर येत होतं, त्यामुळे नुसता आकार दिसला. कुणीतरी सावकाश टेकून बसल्यासारखा. तो आकार खोकला. छोटा खोकला नीट आला, मोठा जरासा चुकला.  पुन्हा छोटा, पुन्हा मोठा. तिसऱ्या वेळी छोटा, मोठा आणि शेवटी घशातल्या घशात ‘हं’.

“बारके,” समोरून आवाज आला.

बाहेर दाराची कडी वाजली. मावशींनी किल्ली फिरवली नव्हती, तरी दार उघडलं नाही. ती खोली गाद्यांनी भरलेली असते हो आजी, तिथे कुणी नसतं, असं काउंटरवरची मुलगी लांबून सांगत होती. दारापलीकडे ताई खोकली. ते खोकणं घाईचं होतं, दमलेलं होतं आणि त्यात रडू होतं. मावशींनी दोन्ही ऐकलं. कुठलं खरं, हे त्यांना पक्कं कळलं. पण समोरचं जवळ होतं.

दारापलीकडची पावलं थोडा वेळ तिथेच घुटमळली. मग एक घासत, एक टेकत, परत फिरली.

मावशींच्या हातातून दोरी सुटली. ती भिंतीवर दोन-तीनदा हलकी आपटली आणि थांबली. बेल वाजवायला आता काही कारणच उरलं नव्हतं. समोरच्या आकाराने हात लांबवून फळीवरचा चष्मा उचलला आणि थोडा बाजूला सरकवून ठेवला. ताई ठेवायची तसा.